पडद्याचा परीक्षक आणि कानांचा पत्रलेखक



चित्रपटाचें परीक्षण करणें हा धंदा फारसा टिकाऊ नव्हे. शुक्रवारीं नवा बोलपट लागतो, रविवारच्या अंकांत परीक्षकाचा अभिप्राय छापून येतो, आणि पुढचा शुक्रवार उजाडला कीं बोलपट व अभिप्राय दोन्ही लोकांच्या विस्मृतींत जातात. नभोवाणीवरच्या भाषणाची दशा तर याहून कठीण. छापलेला अभिप्राय निदान वाण्याच्या पुडीच्या कामीं येतो. बोललेला शब्द हवेंत विरतो, त्याची पुडीहि बांधतां येत नाहीं. अशा ह्या दोन अल्पायुषी धंद्यांवर ज्यांनीं सत्तर वर्षें निभावून नेलीं, त्या ॲलिस्टर कुक नांवाच्या गृहस्थांची हकीकत मी आज आपणांस सांगणार आहें.

मी स्वतः मॅट्रिकच्या पुढें शिकलेला नाहीं. छत्तीस वर्षें प्राथमिक शाळेंत मुलें शिकवलीं. इंग्रजी येतें तें वाचण्यापुरतें. मग ह्या परक्या माणसाशीं माझी ओळख कशी पटली, असें आपण विचाराल. सुमारें १९८५ सालची गोष्ट. तालुक्याच्या गांवीं माझें बिऱ्हाड होतें आणि घरांत एक जुना ट्रान्झिस्टर होता. रात्रीं त्याची तार खिडकीच्या गजाला गुंडाळली म्हणजे लघुलहरींवर लंडन केंद्र लागे. आवाज भरतीओहोटीसारखा चढे आणि उतरे. बातम्या सांगणारे इतके भरभर बोलत, कीं मला दहांतला एक शब्द कळे. पण आठवड्यांतून एकदां एक म्हातारा, किंचित् खरखरीत आवाज येई, आणि नवल असें कीं त्याचें बोलणें मला समजे. शब्द साधे, वाक्यें आखूड, आणि एक वाक्य संपल्यावर दुसऱ्यासाठीं तो ऐकणाऱ्याला दम घेऊं देई. कार्यक्रमाचें नांव 'लेटर फ्रॉम अमेरिका', म्हणजे अमेरिकेहून पत्र. पुढें त्या माणसाविषयीं मिळेल तें वाचीत गेलों, तेव्हां ध्यानांत आलें कीं हा पत्रलेखक मूळचा सिनेमाचा परीक्षक. आणि पत्रें लिहूं लागल्यावरहि त्यानें परीक्षकाची खुर्ची सोडली नव्हती. त्या खुर्चीनें त्याला काय दिलें आणि काय दिलें नाहीं, हेंच मला आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

कुक यांचा जन्म २० नोव्हेंबर १९०८ रोजीं इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यांत, सॅलफर्ड ह्या कारखान्यांच्या गांवीं झाला. मूळ नांव आल्फ्रेड. वडील सॅम्युएल हे लोखंडकामाचे कारागीर, आणि मेथडिस्ट पंथाचे बिनपगारी प्रवचनकार. म्हणजे आठवडाभर हातोडा आणि रविवारीं धर्मग्रंथ. चार माणसांसमोर उभें राहून त्यांना उमजेल असें बोलावें कसें, हें मुलानें प्रथम घरींच पाहिलें असावें. पुढें हें कुटुंब ब्लॅकपूल येथें रहावयास गेलें. ब्लॅकपूल म्हणजे समुद्रकांठचें हवा खाण्याचें ठिकाण; गिरण्यांतले कामगार सुटी काढून तेथें जात. कुक मंडळींनीं तेथें पाहुण्यांसाठीं खोल्या ठेवल्या होत्या. पहिल्या महायुद्धांत त्यांच्या घरीं अमेरिकन शिपाई उतरले. ऐसपैस बोलणारीं, मुलांशीं थट्टा करणारीं तीं माणसें ह्या शाळकरी पोराच्या मनांत घर करून बसलीं. देशाची पहिली ओळख त्याला नकाशावरून झाली नाहीं, घरांत उतरलेल्या माणसांवरून झाली.

शिष्यवृत्ती मिळवून हा मुलगा केंब्रिजच्या जीझस कॉलेजांत गेला. तेथें त्यानें 'ममर्स' नांवाची नाटकमंडळी काढली. केंब्रिजांत स्त्रीपुरुष दोघांनाहि मोकळी असलेली ही पहिलीच नाट्यसंस्था. 'ग्रँटा' ह्या विद्यार्थ्यांच्या पत्राचें संपादन केलें. १९३० सालीं आल्फ्रेडचा ॲलिस्टर झाला तो त्याच्या स्वतःच्या इच्छेनें. त्या दिवसांतली एक गोष्ट कुक पुढें स्वतःच हंसत सांगत. नाटकांत काम मागावयास एक विद्यार्थी आला; तो वास्तुशास्त्र शिकत होता. कुक यांनीं त्याला पाहिलें, ऐकलें, आणि सल्ला दिला कीं बाबा, तूं आपलें वास्तुशास्त्रच धर. तो विद्यार्थी म्हणजे जेम्स मेसन. पुढें पडद्यावरचा केवढा नामांकित नट झाला हें जुन्या प्रेक्षकांना सांगावयास नको. परीक्षकाच्या आयुष्याचा आरंभ अशा चुकीनें व्हावा हें मला बरें वाटतें. ज्याची एकदां अशी फजिती झाली, तो पुढें जपून बोलतो.

१९३२ सालीं कॉमनवेल्थ फंडाची शिष्यवृत्ती मिळून कुक अमेरिकेंत गेले. प्रथम येल आणि नंतर हार्वर्ड विद्यापीठांत. विषय नाटकाचा होता. पण तेथें गेल्यावर त्यांचें मन अमेरिकन लोकांच्या बोलीकडे वळलें. कोणता माणूस कोणत्या प्रांतांत कोणता शब्द कसा उच्चारतो, याचा त्यांना छंद जडला. ह्या शिष्यवृत्तीची एक अट अशी होती, कीं उन्हाळ्याच्या सुटींत विद्यार्थ्यानें देश हिंडून पाहावा. पैसे देणाऱ्यानें 'पुस्तक मीट आणि हिंडून ये' असें सांगावें, ही अट मला फारच आवडते. १९३३ च्या उन्हाळ्यांत कुक मोटार घेऊन पश्चिम किनाऱ्यापर्यंत गेले. 'ऑब्झर्व्हर' ह्या लंडनच्या पत्रासाठीं मुलाखत हवी म्हणून त्यांनीं चार्ली चॅप्लिन यांना पत्र धाडलें. मुलाखतीला गेलेला पोरगा चॅप्लिन यांना असा आवडला, कीं ते त्याला आपल्या 'पॅनेशिया' नांवाच्या नौकेवर समुद्रांत घेऊन गेले. नौकेवर नटी पॉलेट गोडार्डहि होती. कुक यांनीं आपल्या हातकॅमेऱ्यानें तेथें एक लहानशी फिल्म घेतली. तींत चॅप्लिन नाना तऱ्हेच्या नकला करून दाखवितात. ती रीळ कुक यांच्या मृत्यूनंतर पुन्हां उजेडांत आली.

आतां धंद्याचा योग कसा आला तें ऐका. १९३४ च्या वसंतांत कुक हार्वर्डला असतांना एका वर्तमानपत्रांत त्यांनीं बातमी वाचली: बी. बी. सी. नें आपले चित्रपट-परीक्षक ऑलिव्हर बाल्डविन यांना दूर केलें. हे बाल्डविन इंग्लंडच्या माजी पंतप्रधानांचे चिरंजीव, म्हणून तर अमेरिकेंतहि ती बातमी मोठ्या मथळ्यानें छापली गेली. वाचणाऱ्या हजारों लोकांनीं ती वाचून पान उलटलें असेल. पंचवीस वर्षांच्या ह्या तरुणानें तांतडीनें लंडनला तार केली, कीं रिकाम्या जागेसाठीं माझा विचार व्हावा. मग बोटीनें लंडन गांठलें. भाषणविभागाचे प्रमुख चार्ल्स सीपमन यांनीं नमुन्यादाखल एक परीक्षण लिहून द्यावयास सांगितलें. कुक यांनीं तें लिहिलें आणि वाचून दाखविलें; जागा त्यांना मिळाली.

पण काम सुरू होण्याआधीं एक उन्हाळा शिल्लक होता. चॅप्लिन यांनीं बोलावलें होतें. नेपोलियनवर चित्रपट काढावयाचा, त्याच्या कथानकाच्या जुळणींत मदत हवी होती. काम कांहीं काळ चाललें, आणि एके दिवशीं चॅप्लिन यांनीं तें सारें बाजूला सारलें. कल्पना उत्तम आहे, पण ती दुसऱ्या कोणासाठीं, अशा अर्थाचें ते बोलले म्हणतात. त्याच उन्हाळ्यांत कॅलिफोर्नियांत कुक यांचा रूथ इमर्सन हिच्याशीं विवाह झाला. वरपक्षाचा मुख्य साथीदार म्हणून चॅप्लिन उभे राहणार होते. ऐन वेळीं ते आलेच नाहींत! जगाला हंसविणाऱ्या थोर कलावंताला घड्याळ आणि शब्द पाळतां येतोच असें नाहीं, हा धडा परीक्षकाला पडदा बघण्याआधींच मिळाला. कुक यांनीं त्यावरून चॅप्लिन यांचा राग धरला नाहीं. चाळीसांहून अधिक वर्षांनीं, १९७७ सालीं 'सिक्स मेन' ह्या पुस्तकांत त्यांच्यावर मोठें जिव्हाळ्याचें प्रकरण लिहिलें.

८ ऑक्टोबर १९३४ रोजीं कुक यांचें पहिलें चित्रपट-भाषण लंडनहून ध्वनिक्षेपित झालें. त्या काळची बी. बी. सी. म्हणजे सर जॉन रीथ यांचा कडक अंमल. सायंकाळीं निवेदकांनीं मेजवानीचा काळा पोशाख करूनच ध्वनिक्षेपकापुढें बसावें असा दंडक होता. ऐकणाऱ्याला पोशाख दिसत नाहीं, ही गोष्ट कोणी मनावर घेत नसे. अशा ठिकाणीं सिनेमासारख्या बाजारी गोष्टीवर बोलावयाचें होतें. कुक यांनीं पहिल्याच भाषणांत आपली भूमिका सांगून टाकली: पुष्कळ लोकांनीं पुष्कळ चांगले चित्रपट पाहावे एवढीच माझी खटपट, कोणत्याहि कंपनीशीं माझा संबंध नाहीं, परीक्षक म्हणून मला राजकीय पक्ष नाहीं आणि सामाजिक वर्गहि नाहीं. ह्या शेवटच्या शब्दांकडे लक्ष द्यावें. इंग्लंडांत बोलण्याच्या ढबीवरून माणसाचें कूळ ओळखलें जाई. तेथें लोखंडकाम्याचा मुलगा उभा राहून म्हणतो, कीं मला वर्ग नाहीं. हें म्हणणें सोपें नव्हतें. आणि हें धोरण पुढें सत्तर वर्षें टिकलें, तेव्हां त्याची किंमतहि त्यांना द्यावी लागली. तें पुढें येईलच.

परीक्षक म्हणून त्यांचा विशेष कोणता? त्या वेळीं विलायतेंतील सुशिक्षित मंडळी अमेरिकन बोलपटाला नाकें मुरडीत. कुक यांना त्यांत पात्रांचें बोलणें ऐकूं येई. बोलीचा अभ्यास केलेला कान घेऊन ते अंधारांत बसत. १९३७ सालीं त्यांनीं इंग्लंड-अमेरिकेंतील नऊ परीक्षकांचे वेचे निवडून 'गार्बो अँड द नाइट वॉचमेन' म्हणजे 'गार्बो आणि रात्रीचे पहारेकरी' असें पुस्तक काढलें. ग्रॅहॅम ग्रीन, ओटिस फर्ग्युसन, सिसिलिया एजर असे लेखक त्यांत आहेत, आणि कुक स्वतःहि आहेत. वृत्तपत्रांत आठवड्यापुरतें लिहिलेलें चित्रपट-परीक्षण जपून ठेवण्याजोगें वाङ्मय असूं शकतें, हें दाखविणारें हें आरंभीचें पुस्तक होय.

ह्या काळांतला त्यांचा एकच अभिप्राय सांगतों, कारण माझ्या मतें त्यांच्या सगळ्या आयुष्याची किल्ली त्यांत आहे. १९३६ सालीं फ्रँक काप्रा यांचा 'मिस्टर डीड्स गोज टु टाउन' हा बोलपट आला आणि त्याची जिकडेतिकडे वाहवा झाली. कुक यांनीं काप्रा यांचें कसब मान्य केलें. पण मनांत एक शंका आली म्हणून लिहिलें. शंका अशी, कीं हा दिग्दर्शक आतां माणसांविषयीं चित्रपट काढण्याचें सोडून विषयांविषयीं काढूं लागला आहे. काप्रा यांच्याबाबत हा निर्णय बरोबर कीं चूक, याचा वाद जाणत्यांनीं करावा. मला दिसतें तें एवढेंच, कीं 'विषय नव्हे, माणूस' ही कसोटी ह्या तरुणानें दुसऱ्याच्या कलाकृतीला लावली आणि मग जन्मभर स्वतःला लावून घेतली.

परीक्षणाचें काम चालू असतांनाच अमेरिकेंतील एन. बी. सी. ह्या नभोवाणी कंपनीसाठीं कुक लंडनहून अमेरिकन श्रोत्यांना उद्देशून बोलत. तेंहि पत्रच, त्याचें नांव 'लंडन लेटर'. म्हणजे प्रसिद्ध झालेलें पत्र अमेरिकेहून इंग्लंडला येत असे, पण त्याचा पहिला खर्डा उलट दिशेनें लिहिला गेला होता. १९३६ च्या डिसेंबरांत राजे आठवे एडवर्ड यांनीं एका अमेरिकन बाईसाठीं गादी सोडली, तेव्हां अमेरिका कान लावून बसली होती. कुक दिवसांतून अनेक वेळां बोलत. दहा दिवसांत आपण चार लाख शब्द बोललों, असा हिशेब त्यांनीं पुढें स्वतःच मांडला होता. हिशेब थोडा सैल धरला तरी छाती दडपून जाते.

१९३७ सालीं कुक कायमचे अमेरिकेंत गेले आणि १ डिसेंबर १९४१ रोजीं अमेरिकेचे नागरिक झाले. सहा दिवसांनीं पर्ल हार्बरवर हल्ला झाला. तारीख पाहा. इंग्लंडवर बाँब पडून गेले होते, मायदेश झुंजत होता, आणि हा मनुष्य परक्या देशाची शपथ घेतो! मायदेशांतल्या कित्येकांना तें रुचलें नाहीं, यांत नवल नाहीं. मी त्यांची वकिली करीत नाहीं. एवढें खरें, कीं युद्ध सुरू होतांच ते मोटारीनें सारी अमेरिका हिंडावयास निघाले. सेनापतींना भेटावयास नव्हे. युद्धानें सामान्य माणसाच्या पोटापाण्यांत काय फरक पडला तें बघावयास. त्या प्रवासाचें लिहिलेलें बाड घरांतल्या कपाटांत मागें पडून राहिलें, तें त्यांच्या मृत्यूच्या थोडें आधीं सांपडलें, आणि २००६ सालीं पुस्तकरूपानें बाहेर आलें. तेथेंहि कसोटी तीच: विषय युद्ध, पण पानांवर दिसतात तीं माणसें.

आतां मूळ पत्राकडे येतों. युद्ध संपल्यावर २४ मार्च १९४६ रोजीं 'अमेरिकन लेटर' ह्या नांवानें पहिलें भाषण झालें. 'लेटर फ्रॉम अमेरिका' हें नांव मागाहून आलें. करार तेरा आठवड्यांचा होता. इंग्लंडजवळ डॉलरांचा दुष्काळ होता, तेव्हां त्यापुढचें वचन कोण देणार? पहिल्या पत्रांत धोरणांची चर्चा नाहीं. 'क्वीन मेरी' ह्या बोटीवरून अमेरिकन शिपायांशीं लग्न करून निघालेल्या इंग्रज मुली नव्या घरीं चालल्या होत्या. त्यांच्याबरोबर झालेल्या प्रवासाची हकीकत आहे. सासरीं निघालेल्या मुलींची बोट! दोन राष्ट्रांचा संबंध सांगण्यास याहून चांगलें दृश्य मिळालें नसतें. तेरा आठवड्यांचें तें काम ५८ वर्षें चाललें. २००४ सालापर्यंत अशीं २,८६९ पत्रें झालीं. एकाच माणसानें एकट्यानें बोलून चालविलेला इतका दीर्घ कार्यक्रम नभोवाणीच्या इतिहासांत दुसरा नाहीं असें मानतात.

ह्या पत्रांची घडण मला आमच्या कीर्तनासारखी वाटते. फरक एवढाच कीं क्रम उलटा. कीर्तनकार पूर्वरंगांत तत्त्वाचें निरूपण करतो आणि उत्तररंगांत आख्यान लावतो. कुक आख्यानापासून आरंभ करीत. झाडांचीं पानें लाल झालीं, शेजारच्या दुकानदारानें दुकान बंद केलें, कोणी जुना वाजंत्री वारला, अशा क्षुल्लक वार्तेनें पत्र सुरू होई. ऐकणारा म्हणे, म्हातारा आज भरकटला. आणि बाराव्या मिनिटाला ध्यानांत येई कीं आपण अध्यक्षाच्या निवडणुकीच्या किंवा न्यायालयाच्या निवाड्याच्या अगदीं दारांत उभे आहोंत. पत्र ते टंकयंत्रावर स्वतः लिहीत. लिहिलेलें मोठ्यानें म्हणून पाहावयाचें, आणि जिभेला अडेल तें काढून टाकावयाचें. डोळ्यांसाठीं लिहिलेलें वाक्य कानाला चालत नाहीं, हें त्यांनीं चित्रपट-परीक्षणें वाचतांनाच ओळखलें होतें. लाखों श्रोत्यांना उद्देशून बोलावयाचें नाहीं. खोलींत एखाददुसरा स्नेही बसला आहे, त्याच्याशीं बोलावयाचें, ही त्यांची रीत.

येथें थोडें स्वतःचें सांगतों. मी वर्गांत इतिहास शिकवीत असें तो टिपणें सांगून. मुलें लिहीत, आणि मागच्या बांकावरचीं पेंगत. ह्या पत्रांची संवय लागल्यावर एकदां मिठाच्या सत्याग्रहाचा धडा होता, तेव्हां मीं घरून खडेमिठाची पुडी नेली. एकेकाच्या हातावर खडा ठेवला आणि विचारलें, याची किंमत काय? मग दांडीपर्यंत पोंचावयास वेळ लागला नाहीं. त्या दिवशीं नेमके तपासणीस आले होते. 'शिक्षक धडा सोडून अवांतर बोलतात' असा शेरा त्यांनीं वहींत मारला. तो शेरा माझ्या नोकरीच्या कागदांत अजून असेल.

दूरचित्रवाणीवरहि कुक यांनीं मोठें नांव मिळविलें. तें मी भराभर सांगतों. १९५२ पासून १९६१ पर्यंत 'ऑम्निबस' नांवाच्या कार्यक्रमाचे ते सूत्रधार होते. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट ही, कीं १९५५ सालीं उस्ताद अली अकबर खां यांचें सरोदवादन अमेरिकन दूरचित्रवाणीवर प्रथम झालें तें ह्याच कार्यक्रमांत. तबल्यावर पंडित चतुरलाल होते. पुढें १९७२-७३ सालीं 'अमेरिका' ही तेरा भागांची इतिहासमालिका झाली, तिच्यावरचें पुस्तक घरोघर गेलें. १९७१ पासून १९९२ पर्यंत 'मास्टरपीस थिएटर' मध्यें खुर्चींत बसून ते इंग्रजी नाटकांची प्रस्तावना करीत. मुलांच्या एका कार्यक्रमांत बिस्किटें खाणाऱ्या बाहुल्याला 'ॲलिस्टर कुकी' असें नांव देऊन त्याच खुर्चीची नक्कल झाली. लहान मुलें आपली नक्कल बघून हंसतात, याहून मोठी पदवी ती कोणती? ब्रिटिश सरकारनेंहि १९७३ सालीं त्यांना मानाची सर पदवी दिली. पण परदेशचे नागरिक असल्यामुळें तिचा उपयोग नांवापुढें करतां येत नव्हता.

हें सारें करीत असतांना ते 'मँचेस्टर गार्डियन' पत्राचे अमेरिकेंतील बातमीदार होते, १९७२ पर्यंत. आणि ह्या बातमीदारीच्या काळांतच परीक्षकाच्या खुर्चीची परीक्षा झाली.

जून १९६८. कॅलिफोर्नियांतील प्राथमिक निवडणूक जिंकून रॉबर्ट केनेडी लॉस एंजल्सच्या ॲम्बॅसडर हॉटेलांत भाषण करून निघाले. मध्यरात्र उलटली होती. कुक शेजारच्याच खोलींत थांबले होते. मुदपाकखान्याच्या वाटेवर गोळ्या सुटल्या. इतक्या वर्षांच्या बातमीदारींत घटना घडली त्या जागीं आपण प्रथमच असे सांपडलों, असें ते म्हणत. जमिनीवर पडलेला जखमी माणूस, भोंवतालचा आक्रोश, दिव्यांचा झगझगाट, हें त्यांनीं त्या आठवड्याच्या पत्रांत सांगितलें. पडदा नव्हता, अंधार नव्हता, आणि बघणारा सुरक्षित नव्हता. तें पत्र लिहितांना त्यांचा नेहमींचा ऐसपैसपणा कोठें राहिला नाहीं. वाक्यें तुटक येतात, जसें घडलें तसें. पण दुसऱ्या दिवसापासून सारा देश म्हणूं लागला कीं ह्या रक्ताचे डाग आपणां सर्वांच्या हातांवर आहेत, सारा समाजच गुन्हेगार. तें कुक यांनीं मानलें नाहीं. मी ह्या गुन्ह्यांत भागीदार नाहीं, असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. ज्यानें गोळी झाडली तो माणूस गुन्हेगार. 'समाज' ह्या नांवाखालीं त्याला लपवूं नये.

ह्या उत्तरांत मला त्यांचें बळ दिसतें आणि त्यांची उणीवहि दिसते. 'विषय नव्हे, माणूस', ही १९३६ सालची कसोटी त्यांनीं येथेंहि सोडली नाहीं. व्यक्तीची जबाबदारी व्यक्तीवर ठेवणें हें न्यायाचें आहे. पण जगांत कांहीं अन्याय असे असतात, कीं त्यांना एक तोंड नसतें. काळ्या लोकांना बसच्या मागच्या बांकावर बसविणारा कायदा कोणा एका दुष्टाचा नव्हता. तो शेंकडों सभ्य, आतिथ्यशील माणसांचा होता. त्या सभ्य माणसांशीं कुक यांचें चांगलें जमे. नागरी हक्कांच्या चळवळीविषयीं त्यांच्या लिखाणांत हवी तेवढी ऊब नव्हती, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला आहे. आणि मला तो निराधार वाटत नाहीं. मला पक्ष नाहीं, मला वर्ग नाहीं, असें म्हणणारा परीक्षक अंधारांतल्या खुर्चीवरून सर्व कांहीं पाहतो. पण कधीं कधीं खुर्ची सोडून उठावें लागतें. मी स्वतः ज्या गांवांत नोकरी केली, तेथें पाणवठा वेगळा ठेवणारीं माणसेंहि मास्तरांना आदरानें चहा पाजीत असत. तो चहा मीं घेतला आहे. म्हणून कुक यांना दोष देतांना माझा आवाज फार चढत नाहीं.

न्यूयॉर्कमध्यें सेंट्रल पार्क ह्या विस्तीर्ण बागेसमोर, पंधराव्या मजल्यावर त्यांचें घर होतें. दुसरी पत्नी जेन ही चित्रकार होती. म्हातारपणीं ध्वनिमुद्रणाला जाणें जमेना तेव्हां घरीं बसूनच ते पत्र वाचीत. २० फेब्रुवारी २००४ रोजीं शेवटचें पत्र ऐकविलें गेलें. मार्चच्या आरंभीं, वैद्यांच्या सल्ल्यावरून, आपण थांबत आहोंत असें त्यांनीं जाहीर केलें. आणि ३० मार्च रोजीं, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षीं त्यांचें निधन झालें. रक्षा कुटुंबीयांनीं खिडकींतून दिसणाऱ्या त्या बागेंत नेऊन विखुरली. तसें करण्यास तेव्हां तेथें मनाई होती, म्हणून ती कॉफीच्या कागदी पेल्यांतून नेली होती!

आरंभीं मीं म्हटलें कीं बोललेला शब्द हवेंत विरतो. कुक यांच्याबाबत तें अक्षरशः घडलें होतें. सुरुवातीच्या दशकांतल्या असंख्य पत्रांचीं ध्वनिमुद्रणें जपून ठेवावीं असें कोणाला वाटलें नाहीं. टंकलिखित प्रती बोस्टन विद्यापीठांत आहेत, पण कागदाला आवाज नसतो. २०१२ सालीं बी. बी. सी. नें हातीं असलेलीं नऊशेंहून अधिक भाषणें लोकांसाठीं खुलीं केलीं. मग इंग्लंडांतील दोन श्रोते पुढें आले. एकमेकांना न कळत त्या दोघांनीं आपापल्या घरीं वर्षानुवर्षें हीं पत्रें फितींवर उतरवून घेतलीं होतीं. त्यांच्या कपाटांतून हरवलेलीं सहाशेंहून अधिक पत्रें परत मिळालीं.

त्यांपैकीं कांहीं माझा नातू आपल्या फोनवर मला लावून देतो. आवाज आतां चढत नाहीं, उतरत नाहीं, मध्येंच लाटेखालीं बुडत नाहीं. पहिल्या दिवशीं ऐकलें तेव्हां मला तो दुसऱ्याच कोणाचा आवाज वाटला.